हरणाबाईची यंत्रपरीक्षा

माणसाच्या मनातलं ओळखणारी एक बाई कवठे महांकाळाकडून कराडात आली आहे, हे ऐकून अख्ख्या गावाला हुरूप आला. फक्त जोतीराम पिसाळमास्तरांच्या पोटात गोळा आला. मास्तर इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवत. दुसऱ्याच्या मनातलं कुणालाही ओळखता येत नाही, हे ते दरवर्षी वर्गाला सप्रमाण सांगत, आणि त्यावर त्यांचा विश्वासही होता. पण विश्वास डोक्यात असतो आणि गोळा पोटात, आणि या दोघांचं मास्तरांच्या बाबतीत कधीच पटलेलं नव्हतं.

गोळ्याला कारण होतं. डिसेंबरात शेजारच्या राहीबाईला तार आली होती. राहीबाई विधवा; एकुलता एक मुलगा सयाजी पलटणीत, इटलीच्या लढाईवर. गल्लीत इंग्रजी वाचणारे एकटे पिसाळमास्तर, त्यामुळे कुणाचीही तार आधी त्यांच्या ओट्यावर यायची. मास्तरांनी पाकीट फोडलं. सयाजी बेपत्ता असल्याचं सरकारने खेदाने कळवलं होतं. मास्तरांनी मान वर केली, तर समोर राहीबाई पिठाचे हात पदराला पुसत त्यांच्या ओठांकडे बघत उभी. मास्तरांच्या तोंडून निघालं ते असं:

"बदली झालीय म्हणे. लांब टाकलंय. पत्राला वेळ लागंल."

ही दया नव्हती. दया करायलाही थोडी छाती लागते. हे नुसतं भ्यायलेल्या माणसाचं बोलणं होतं. उद्या सांगू, असं मास्तरांनी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी ते नदीकडच्या लांबच्या वाटेने शाळेला गेले. तिसऱ्या दिवशी राहीबाईने ती तार देव्हाऱ्यात ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं. मग तर सांगायची सोयच उरली नाही. संक्रांतीला तिने, पोरगा सुखरूप आहे म्हणून, गल्लीभर तीळगूळ वाटला. मास्तरांच्या वाट्याची वडी त्यांनी तोंडात घातली आणि शालूबाई, म्हणजे त्यांची बायको, आत गेल्यावर कोनाड्यात काढून ठेवली.

आणि आता पंचेचाळीस सालच्या फेब्रुवारीत ही हरणाबाई आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, पन्नाशीची, काटक बाई. बहिणीकडे म्हणून आली होती. आल्या आल्या तिने एकाचा हरवलेला बैल चुलत्याच्या गोठ्यात आहे म्हणून सांगितलं आणि तो तिथेच निघाला. चार दिवसांत पलटणीत पोरं असलेल्या आयांची तिच्या दारात रीघ लागली, आणि कराडात पलटणीत पोरगा नसलेली आई शोधावीच लागायची.

भाऊसो वकिलांना हे सहन झालं नाही. भाऊसो सुधारक होते. अंधश्रद्धेवर ते इतकं मोठ्याने बोलत की समोरच्या माणसाला देवाची आठवण व्हावी. त्यांच्याकडे एक इंग्रजी मासिक येई. त्यात त्यांनी वाचलं होतं की अमेरिकेत माणसाच्या तळहाताला तारा लावून तो खरं बोलतो की खोटं, हे यंत्रावर पाहतात.

"पिसाळ, तुमच्या शाळेत गॅल्व्हानोमीटर आहे," भाऊसो म्हणाले. "बाईच्या हाताला तारा लावायच्या. तिच्यात शक्ती असली तर काटा हलेल, नसली तर नाही. एकदाचा निकाल."

मास्तरांनी घाबरत पण कळकळीने समजावलं, की यंत्र फक्त वीज मोजतं. हात ओला असला तर वीज जास्त वाहते, कोरडा असला तर कमी. काटा हलला तर बाईला घाम आला एवढंच कळेल. घाम शक्तीमुळे आला, भीतीमुळे आला, की खिडकी लावल्यामुळे आला, हे यंत्राला काय ठाऊक?

"तुम्ही विज्ञानाचे शिक्षक असून यंत्रावर संशय घेता?" भाऊसोंनी विचारलं.

"विज्ञानाचा शिक्षक आहे म्हणूनच," मास्तर म्हणाले. पण ते इतक्या हळू म्हणाले, की भाऊसोंनी तो होकार धरला.

हेडमास्तरांकडे परवानगीचा अर्ज गेला. 'बाईच्या अंगातील शक्तीचे मापन' हे अभ्यासक्रमात कुठे बसतं, असा शेरा मारून तो परत आला. 'विद्युत्प्रवाहाचे जाहीर प्रात्यक्षिक' असं लिहून पुन्हा गेला आणि मंजूर झाला. मग कपाटातून गॅल्व्हानोमीटर काढला, तर काट्याला आधार देणारा रेशमी धागा तुटलेला. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी पोरांना लवकर सोडलं. हा आनंद एकच दिवस टिकला. सांगलीत एक घड्याळजी असले नाजूक धागे बसवतो, हे भाऊसोंना माहीत होतं. भाऊसोंना नेहमी नको तेच माहीत असे.

मास्तरांना सांगलीला निघावं लागलं. तेव्हा पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी होत्या. चढ आला की उतारू उतरून ढकलत. मास्तर मांडीवर पेटी घेऊन बसले, म्हणून त्यांना ढकलण्यातून सूट मिळाली आणि त्याबद्दल सगळ्या मोटारीचा रोष पत्करावा लागला. दिवस पत्री सरकारचे होते, वाटावाटांवर पोलीस. अर्ध्या रस्त्यात एका नाक्यावर मोटार थांबली आणि जमादाराने पेटी उघडायला लावली. आत काचेचा घुमट, त्यात काटा, खाली दोन तारा.

"हे काय हाय?"

"गॅल्व्हानोमीटर."

"बिनतारी यंत्र हाय व्हय?"

"नाही साहेब. याला तारा आहेत," मास्तर म्हणाले.

जमादाराने दोन्ही तारा ओढून बघितल्या. तारा होत्या, यात वादच नव्हता. तो विचारात पडला. "मंजी तारंचं यंत्र. तारखातं सोडून तारंचं यंत्र बाळगायचं तर कागूद लागतो."

मोटार निघून गेली. मास्तर चिंचेखाली बसले. दोन तास त्यांचा जबाब चालला. 'सदर इसम एका बाईचे मनातील ओळखण्याचे यंत्र घेऊन सांगलीस जात असता' इथपर्यंत लिहिल्यावर जमादाराने लेखणी थांबवली आणि आवाज उतरवून विचारलं:

"मास्तर, उद्या आमी एखाद्या संशयिताला धरलं, तर त्यो खरं बोलतोय का खोटं, हे कळंल ह्यात?"

मास्तरांच्या कानशिलांवरून घाम ओघळला. आपल्या यंत्राच्या जोरावर एखाद्या गरिबाला तुरुंगात बसवलेलं आणि त्याबद्दल रात्री पत्री सरकारच्या पोरांनी आपल्याला घरातून बोलावून नेलेलं, अशी दोन्ही चित्रं त्यांना एकदम दिसली. "न्हाई हो साहेब," ते म्हणाले, आणि आयुष्यात इतक्या पोटतिडकीने त्यांनी कधी विज्ञान शिकवलं नव्हतं. "ह्याला काय कळत न्हाई. हे नुसतं घाम बघतं. मी निरपराध आहे आणि बघा मला किती घाम आलाय."

जमादाराने बघितलं. त्याला पटलं. "मग असलं बिनकामाचं यंत्र घेऊन कशाला हिंडता?" असं विचारून त्याने सोडून दिलं. या प्रश्नाचं उत्तर मास्तरांना पुढे सांगलीपर्यंत सापडलं नाही. सांगली संस्थानाच्या हद्दीत पुन्हा पेटी उघडावी लागली, पण तिथला शिपाई म्हातारा, आजाराने गांजलेला होता. त्याने फक्त हे गुडघेदुखीवर चालतं का, एवढंच विचारलं.

धागा बसवून मास्तर परतले, तेव्हा ओट्यावर हरणाबाई बसली होती. शालूबाईंनी तिला चहा दिला होता आणि स्वतः दाराआड उभ्या राहून मनात काही येऊ नये म्हणून रामरक्षा म्हणत होत्या. मास्तर पायरीवरच थबकले. मनात तार येऊ द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं आणि लगेच मनात तारेशिवाय काही राहिलं नाही.

"मास्तर, एक इचारू काय?" हरणाबाई म्हणाली. "त्या यंत्राची कळ दाबल्यावर माणूस मरतं का? आमच्या बिऱ्हाडावर औंदा वीज पडली. सात मेंढरं उबी जळली. मला त्येच दिसतंय."

मास्तरांनी तिला सांगितलं की ही वीज मुंगी चावल्याइतकीही नसते. तिला पटलं की नाही कळलं नाही, पण तिने बशी खाली ठेवली.

"मग खरं सांगते. मला काय दिसत न्हाई. माणूस बोलतं ते मी ऐकते, आन् बाकीच्यांची तोंडं बघते. त्यो बैल हरवला म्हणून सांगाय आला, तवा त्याचा चुलता पायाकडं बघत हुता. एवढंच. पर मी न्हाई म्हणलं तरी लोकं आयकत न्हाईत."

"मग पलटणीतल्या पोरांचं काय सांगता?"

"सांगते, हाय जित्ता. काय सांगू दुसरं?" दाराकडे एकदा बघून ती पुढे सरकली. "परवा राहीबाई माज्याकडं आली. तुमी समूरनं चालला हुता. तिनं पोराचं नाव काढलं आन् तुमी भिताडाकडं त्वांड फिरवलं. मी कुणाला बोलली न्हाई. पर तुमी माजं सांगू नगा, मास्तर. लोकं चिडली तर बहिणीला गाव सोडावं लागंल."

अशा रीतीने परीक्षक आणि परीक्षार्थी दोघेही एकमेकांना भिऊन मास्तरांच्याच ओट्यावर बराच वेळ बसून राहिले.

रविवारी दुपारी शाळेचं सभागृह भरलं. खिडक्यांत माणसं, दारात माणसं, पुढे बायका, त्यांच्यात राहीबाई. टेबलावर काचेचा घुमट, शेजारी त्याला जोडलेली बॅटरी. मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्याने येता येता घुमटाला हात जोडले, तेव्हाच मास्तरांना पुढचं काहीसं दिसायला लागलं होतं. हरणाबाई खुर्चीच्या कडेवर, जणू खुर्चीलाही वीज आहे अशी बसली. भाऊसोंनी पाऊण तास अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं आणि शेवटी म्हणाले:

"आधी यंत्र तपासू. ज्याच्यात काही शक्ती नाही अशा माणसाच्या हातात तारा देऊ. काटा स्थिर राहील. म्हणजे यंत्र चोख. पिसाळ, या."

गावासमोर आपल्यात काही शक्ती नसल्याचं जाहीर झालेलं मास्तरांना लागलं, पण नकार द्यायची शक्तीही नसल्याने ते बसले. मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या दोन पट्ट्या भाऊसोंनी त्यांच्या मुठींत दिल्या. काटा थोडा हलला आणि स्थिरावला. भाऊसो विजयाने वळले.

तेवढ्यात राहीबाई उठली. तिला तपासणी, चोख यंत्र, यातलं काही कळलेलं नव्हतं. तिला वाटलं, सुरू झालं. ती हरणाबाईकडे बघून म्हणाली, "हरणाबाई, मला एवढंच सांग. माजा सयाजी कुठं हाय?"

हरणाबाईने खाली बघितलं. मास्तरांच्या तळव्यांना पाझर फुटला. काटा सुटला तो थेट घुमटाच्या काचेला जाऊन टेकला आणि तिथेच थरथरत राहिला.

मग मागून कुणीतरी हात जोडले. हरणाबाई खुर्चीत, तारा मास्तरांच्या हातात, आणि तरी काटा हलला: म्हणजे तिची शक्ती हवेतून गेली, हे इतकं उघड होतं की ते कुणाला सांगावंही लागलं नाही. स्वतः भाऊसो चष्मा पुसून काट्याकडे बघत म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही. मला मानावं लागेल."

"तो माझा घाम आहे," मास्तर म्हणाले. "भाऊसो, हात बघा माझे. मी भ्यालो. दुसरं काही नाही."

"विनय पुरे, पिसाळ," भाऊसो म्हणाले. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत मास्तरांचा आवाज आरतीत बुडाला होता.

हरणाबाईने संधी साधली. त्याच संध्याकाळी ती मेंढरांकडे पूर्वेला निघून गेली. तिच्या जाण्याने कुणाचं अडलं नाही, कारण शक्ती यंत्रात उतरून राहिली आहे, असं ठरलं होतं. सोमवारी मास्तर शाळेत गेले तर प्रयोगशाळेच्या दारात वीस-पंचवीस बायका, हातात ताटं, नारळ. गॅल्व्हानोमीटरच्या काचेला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. लोकांनी त्याचं नावही सोपं करून घेतलं होतं: गलबतमीटर. हेडमास्तरांनी मास्तरांना लेखी विचारलं की शाळेच्या वस्तूस पुष्पहार घालण्यास परवानगी कोणी दिली. शालूबाईंना गल्लीतल्या बायका आदराने वाट करून देऊ लागल्या. त्यांना ते मुळीच वाईट वाटलं नाही, आणि याचा मास्तरांना सगळ्यात जास्त धक्का बसला.

मास्तर दारात उभे राहून एकेकीला समजावत होते. एकीने विचारलं, "माजा अर्जुना हाय का न्हाई, तेवढं काट्याला इचारा की." दुसरी नुसतीच पोराचा फोटो पुढे धरून उभी. मास्तर फोटोकडे बघत राहिले. एक खोटं त्यांना दोन महिने पेललं नव्हतं. इथे तर पंचवीस आया ताटं घेऊन खोटं मागायला आल्या होत्या.

त्या बायकांच्या मागे राहीबाई होती. ती पुढे आली, यंत्राला नमस्कार केला. "हरणाबाई काय बोलली न्हाई. पर काट्यानं सांगितलं, मास्तर. बेस हाय पोरगं."

मास्तर यंत्राच्या टेबलाशी गेले. त्यांनी टेबलाची कड धरली. "राहीबाई, काट्यानं काही सांगितलं नाही. तुमी सयाजीचं विचारलं आणि माझ्या हाताला घाम सुटला. त्या तारेत बदलीचं नव्हतं. सयाजी बेपत्ता आहे. सापडत नाही. जिवंत आहे की नाही, सरकारला ठाऊक नाही. मी भ्यालो आणि खोटं वाचलं."

राहीबाईने हातातलं ताट खाली ठेवलं. ती ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"संक्रांतीला मी तीळगूळ वाटला," ती म्हणाली. "पोराचा पत्ता न्हाई आन् मी गोड वाटलं."

ती गेली. मागोमाग बायकाही गेल्या. एकीने जाताना आपला नारळ उचलून नेला. त्या दिवसापासून राहीबाईने मास्तरांशी बोलणं टाकलं. गल्लीतल्या तारा भाऊसोंकडे जायला लागल्या. मास्तर जवळच्या वाटेने शाळेला जाऊ लागले, तिच्या दारावरून. तिने कधी मान वर केली नाही, तरी ते त्याच वाटेने जात राहिले.

जूनच्या सुरुवातीला, युरोपातली लढाई संपल्याला महिना होत आला असताना, राहीबाई मास्तरांच्या ओट्यावर आली. हातात तार. भाऊसोंकडे न जाता ती इकडे का आली, हे तिने सांगितलं नाही.

"हाय ते वाचायचं," ती म्हणाली.

मास्तरांनी तार उघडली. पहिल्या ओळीवर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्या ओळीवर पुन्हा बाहेर आला. जीभ जुन्या सवयीने सोपी वाट धरायला निघाली होती. त्यांनी डोळे कागदावरून हलवले नाहीत.

"सयाजी जिवंत आहे," ते म्हणाले. "जर्मनांच्या कैदेत होता. सुटला. दवाखान्यात आहे." मग दुसरी ओळ बोटाने धरून, "डावा पाय गुडघ्याखाली कापलाय. बाकी प्रकृती ठीक."

राहीबाईने तार त्यांच्या हातातून घेतली. "चला," ती म्हणाली.

जिवंत आहे हेही तिला खरं वाटत नव्हतं. एकदा खोटं वाचलेल्या माणसाच्या तोंडचं वाटावं तरी कसं? ती पुढे आणि मास्तर मागे, अनवाणी, टोपीशिवाय, भर उन्हात चावडीवरून. लोक बघत होते. भाऊसो आपल्या ओसरीवर पक्षकारांच्या गराड्यात बसले होते. राहीबाईने तार त्यांच्यापुढे धरली आणि मास्तरांकडे पाठ करून उभी राहिली.

भाऊसोंनी चष्मा लावला. वाचलं. मग त्यांनी वर बघितलं, राहीबाईच्या तोंडाकडे, आणि त्यांचा तो भरदार आवाज एकदम खाली आला.

"आनंदाची बातमी आहे, राहीबाई. सयाजी सुटला. अगदी सुखरूप आहे."

"आन् पाय?" राहीबाईने विचारलं.

भाऊसोंनी तारेची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. एक पक्षकार खोकला.

राहीबाईने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला आणि तिथेच पायरीवर बसली. पदर तोंडाला लावून ती मोकळेपणाने रडली. मास्तर बाजूला उभे होते. काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून ते तिच्यावर सावली पडेल असे सरकले. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि तार मास्तरांपुढे केली.

"चला मास्तर, घरी चला. पहिल्यापासनं वाचा," ती म्हणाली. "वकिलास्नी इंग्रजी नीट येत न्हाई."